येळवशीच्या दिवशी नांदेडला

तुरीच्या शेंगा भरायला लागल्या आणि पहाटे दाराची कडी हाताला गार लागली, की मला पोस्टमनची धास्ती वाटू लागते. याच दिवसांत कॉन्फरन्सचं कार्ड येतं. यंदाही आलं. जाड गुळगुळीत कागद, सोनेरी कडा, वर माझं नाव आणि नावापुढे छापलेला एक शब्द, ‘सपत्नीक’. आत दोन पास, जेवणाची दोन कुपनं, गळ्यात अडकवायच्या दोन पट्ट्या. मी तारीख पाहिली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावास्या पाहिली. दोन्ही एकाच चौकोनात. तीन वर्षांपूर्वी आलं होतं, तसंच.

मी विम्याचा एजंट आहे. शिरूर अनंतपाळला राहतो, आणि आसपासच्या पंचवीस-तीस गावांत मला बघून लोक घरात शिरतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, धंद्याचा भाग आहे तो. लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा माणूस ‘आलोच जरा’ म्हणून उठतो तो परत येत नाही. एसटीत माझ्याजवळची जागा बहुतेक वेळा रिकामी असते. मी तब्येत विचारली तरी माणूस दचकतो. त्याला वाटतं, आता हा पुढच्या वाक्याला मरणाबद्दल बोलणार. आणि खोटं कशाला बोलू, बोलतोही.

तर येळवस. पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात, आमच्या तोंडी येळवस. आमचा मुलूख सोडला तर हा सण फारसा कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळी माणसं शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, नैवेद्य दाखवायचा आणि मांडी घालून जेवायचं. जेवायला बाजरीच्या पिठाचे वळून उकडलेले उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली आंबट आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, चिंचेचं पाणी, बेसन आणि रानात सापडेल ती प्रत्येक पालेभाजी, असं सगळं एका भांड्यात शिजवून जे दाट, हिरवट प्रकरण होतं ते. दिसायला काही खास नाही. पण येळवशीच्या दुसऱ्या दिवशी शिळी भज्जी खाल्ली नाही तो माणूस लातूरकडचा नव्हे, असं आम्ही मानतो. आणि या सणाचा एकच कडक नियम, एकट्याने जेवायचं नाही. रस्त्याने जाणारा दिसला की हाक मारायची. ओळखीचा असो, नसो, जेवल्याशिवाय सोडायचा नाही.

माझा जन्मही येळवशीचाच. आई उंडे वळत होती आणि उंडे तसेच ठेवून तिला घरात न्यावं लागलं, हे मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की त्या उंड्यांचं पुढे काय झालं याचीच मला काळजी वाटायची. कागदावर मात्र माझी जन्मतारीख एक जून. गुरुजींनी शाळेत घालताना आमच्या वर्गातल्या सगळ्यांचीच एक जून लिहिली. माझ्या ग्राहकांच्या वहीत एक जूनला इतकी नावं आहेत की त्या दिवशी सकाळपासून शुभेच्छांचे फोन करता करता माझा घसा बसतो. पलीकडचा माणूसही गोंधळतो. “कोनाचा वाढदिवस म्हनलाव? माजा? आसंल बा, कागदावर हाय म्हनल्यावर आसंल.”

महानंदाने, माझ्या बायकोने, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एक जून उडवून लावला. “तुमी येळवशीचे, मंग येळवशीलाच,” म्हणाली. तेव्हापासून दर येळवशीला पांडवांचा नैवेद्य झाला की ती पहिला उंडा माझ्या हातावर ठेवायची. केक नाही, ओवाळणं नाही, शुभेच्छा तर नाहीच नाही. उंडा ठेवायची आणि ‘हं, खावा’ म्हणायची. एवढाच माझा वाढदिवस.

अधूनमधून नवीन पोरं या धंद्यात येतात आणि विचारतात, “मामा, कॉन्फरन्सला जाऊन काय फायदा हाय का?” प्रश्न चांगला आहे. मी आजवर अठरा-वीस तरी कॉन्फरन्स केल्या असतील. त्यांतून मिळालेल्या वस्तू सांगायच्या तर घरात प्रत्येक खोलीत भिंतीवर घड्याळ आहे आणि कुठल्याही दोन घड्याळांचं एकमत नाही. बॅगा इतक्या आहेत की महानंदा त्यांत मूग, मटकी, तुरीची डाळ भरून ठेवायची. त्या सगळ्यांवर ‘उत्कृष्ट कामगिरी’ छापलेलं. बाकी ज्ञान म्हणाल तर पुण्या-मुंबईहून आलेला गळ्यात टाय बांधलेला माणूस आम्हाला उभं करतो, मुठी आवळायला लावतो आणि ‘मी करू शकतो’ असं तीनदा ओरडायला सांगतो. आम्ही ओरडतो. त्याने एकही पॉलिसी वाढल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे पॉलिसी होते ती म्हशीच्या धारा निघेपर्यंत ओसरीवर बसून राहिल्याने.

तरी मी जात राहिलो. का, ते महानंदानेच एकदा सांगितलं होतं. आमची दोघांची पहिली कॉन्फरन्स नांदेडला होती. नवीन साडी, अबोलीचा गजरा, गळ्यात पट्टी घालून ती पहिल्या रांगेत अवघडून बसली होती. स्टेजवर जोडप्याने बोलावलं, मला फेटा बांधला, तिला शाल दिली, टाळ्या झाल्या. दुपारी जेवायच्या वेळी ती म्हणाली, हितं नको, गुरुद्वारात जाऊ. लंगरमध्ये आम्ही रांगेत बसून जेवलो. एक म्हातारे सरदारजी पोळ्या वाढत होते, तिने हात पुढे केले की दोन्ही हातांवर अलगद पोळी ठेवत होते. ते तिला इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर तेच बोलत होती. मी विचारलं, “आणि कॉन्फरन्स?”

“ती बी बरी हाय,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, “तुमाला वर्सभर कोनी ‘या, बसा’ म्हनत न्हाई. मनून तुमी समदे एका जागी जमून एकमेकाला ‘या, बसा’ म्हनताव. म्हना की. काय वाईट हाय त्यात?”

मला राग आला होता. नंतर पटलं. त्या हॉलमध्ये बाराशे खुर्च्या असतात आणि एकही माणूस मला बघून उठून जात नाही. कोणी मला भीत नाही, कारण प्रत्येकाच्या पिशवीत तेच फॉर्म आहेत. देगलूरचा एजंट उदगीरच्या एजंटाला मिठी मारतो. मायक्रोफोनवरून माझं नाव पूर्ण घेतलं जातं, वडिलांच्या नावासकट. फायदा म्हणाल तर एवढाच आहे आणि तो कमी नाही, असं मी पोरांना सांगायचो. त्याची किंमत काय पडते हे मात्र तीन वर्षांपूर्वी कळलं.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत लांबला होता आणि रब्बीची ज्वारी माणूसभर वाढली होती. करडईला काटे फुटले होते. सकाळी शेतातून आलं की धोतर, पायजमा जे असेल ते गुडघ्यापर्यंत ओलं. हरभऱ्याच्या पानांवरचं आंबट दव, आंब, पायांना लागून झोंबायचं. महानंदा येळवशीच्या आधी आठ दिवस ताकात पीठ कालवून आंबील आंबवायला ठेवायची आणि मग घरभर तो आंबूस वास. मला तो आवडायचा. कार्ड आलं तेव्हा घरात तोच वास होता.

आमचे विकास अधिकारी बिरादार साहेब. तरुण आहेत, उदगीरकडचे. माझ्या मुलीच्या वयाचे, तरी मी त्यांना साहेब म्हणतो आणि ते मला सर. त्यांचा फोन आला. “सर, येळवस हाय हे मला ठाव हाय. पन तारीख वरून आली. तिकडं कोनाला काय माहीत? आमी सांगितलं, तर म्हनले, कॅलेंडरात सुट्टी न्हाई.”

मी म्हणालो, बघतो. मग महानंदाला विचारलं. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमी जावा. मी करते हितलं. वर्साला येती की येळवस.”

तेवढंच म्हणाली. आता मी ते वाक्य पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघतो, त्यात कुठे रुसवा होता का म्हणून. काही सापडत नाही. तिला खरंच वाटत असावं की येळवस वर्षाला येते.

आम्ही चौघे एजंट एका जीपमधून पहाटेच निघालो. अहमदपूर, लोहा, नांदेड. आयुष्यात इतका विचित्र प्रवास मी केला नाही. रस्त्याने सगळी माणसं शेताकडे निघालेली. डोक्यावर पाट्या, त्यांवर झाकलेली पांढरी फडकी, मोटारसायकलवर मागे बसलेल्या बायकांच्या मांडीत आंबिलीची मडकी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोरंसोरं. आम्ही चौघे कोट घालून त्यांच्या विरुद्ध दिशेला. लोह्याजवळ एका म्हाताऱ्याने हात करून जीप थांबवली. आम्हाला वाटलं लिफ्ट हवी आहे. तो म्हणाला, “उतरा, जेवून जावा.” सकाळचे साडेआठ वाजले होते, अजून त्याची खोपही पुरती झाली नव्हती. आमच्यातला एकजण म्हणाला, “आज्या, कॉन्फरन्स हाय.” म्हाताऱ्याने आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्ही कुणाच्या मौतीला निघालो आहोत, आणि बाजूला झाला.

हॉल विष्णुपुरीच्या रस्त्याला होता. मागच्या खिडकीतून लांबवर शेतं दिसत होती आणि त्यांत ठिकठिकाणी खोपी, माणसांचे पुंजके. वक्ता पुण्याचा होता. हुशार होता बिचारा. म्हणाला, ग्राहकाचा वाढदिवस कधी विसरू नका, त्या दिवशी त्याच्याजवळ असा, नात्यातूनच व्यवसाय वाढतो. हॉलमधून एक जूनचे विनोद झाले. पण सगळे खिडकीकडे बघतायत हे त्याच्याही लक्षात आलं. “आज बाहेर काय आहे?” त्याने विचारलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “येळवस सोडून आलाव साहेब!” “ते काय असतं?” झालं. बाराशे माणसं एकदम बोलायला लागली. भज्जीत मेथी घालायची की नाही यावर निलंग्याचा आणि औशाचा एजंट भांडायला उठले. एका बाईंनी माईक घेऊन उंडे कसे वळायचे ते हाताने करून दाखवलं. दहा मिनिटं तो हॉल जिवंत झाला होता. इतक्या वर्षांत तेवढंच एक सत्र मला पूर्ण आठवतं. शेवटी वक्ता म्हणाला, “हीच एनर्जी आपल्याला विक्रीत आणायची आहे,” आणि सगळे गप्प बसले.

दुपारी पनीर, जिरा राईस, गुलाबजाम. मी दोनदा वाढून घेतलं. फुकटचं म्हणून नव्हे, मी सन्मानातला माणूस होतो आणि साहेब स्वतः आग्रह करत होते. ढाल मिळाली. फेटा बांधला. स्टेजवर जोडपी येत होती, मी एकटाच चढलो तेव्हा निवेदकाने विचारलं, “वहिनी कुठे?” मी म्हणालो, “शेतात.” हशा झाला. मीही हसलो.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शिवारात शेताच्या कडेने पेटते पलिते घेऊन पोरं धावत होती, येळवस संपत आल्याची खूण. महानंदा घरी आली होती. पाटी स्वयंपाकघराच्या दारात होती, फडकं तसंच झाकलेलं. तिच्या कपाळावरच्या विभूतीला घामाने ओघळ आले होते. मी ढाल तिच्या हातात दिली. तिने पदराने पुसून ती टीव्हीवर ठेवली. मग विचारलं,

“जेवलाव का?”

“जेवून आलो,” मी म्हणालो. “पोट नुसतं टच्च झालंय. आता पानीबी जाईना.”

“बरं,” ती म्हणाली.

एवढंच. मी कोट काढला, पाय धुतले, टीव्ही लावला. ती आत काय करत होती ते मी बघितलं नाही. मला फेट्याचा डोक्याला वण पडला होता आणि तो मी आरशात बघत होतो, हे मात्र लख्ख आठवतं.

होळीला आठ दिवस असताना ती गेली. सकाळी चहाचं आधण ठेवलं, मला हाक मारल्यासारखं केलं आणि ओट्याला धरून खाली बसली. लातूरला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मार्च होता, म्हणजे आमचा धंद्याचा महिना. माझ्या पिशवीत चौदा फॉर्म सह्यांसाठी तयार होते. ते मी कुणाला दिले, कुठे ठेवले, आजही सांगता येणार नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. तिला आमच्याच शेतात, बांधावरच्या लिंबाखाली समाधी दिली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेतातली कौशाबाई माझ्याजवळ येऊन बसली. ती महानंदाची जिवाची मैत्रीण. त्या नात्याने मला दाजी म्हणते. बराच वेळ ती मातीतले खडे वेचत होती. मग म्हणाली, “त्या येळवशीला मी लई म्हनलं तिला, चल आमच्यात जेव. न्हाई म्हनली. समद्यायला हाका मारून वाढलं, रस्त्यावरल्या लोकायला बी वाढलं. मी म्हनलं, आगं तू? तर म्हनली, ते आल्यावर जेवते. त्यांचा वाढदिवस हाय, पयला उंडा त्यांचा.”

त्या दिवसापासून महानंदाचं ते ‘बरं’ माझ्या कानात बसलं आहे. ती दिवसभर उपाशी होती आणि मी तिला सांगितलं की माझ्या पोटात पाणीही जाणार नाही. त्या रात्री ती जेवली का, हे आता कोण सांगणार? मला ते माहीत नाही. आयुष्यभर लोकांना ‘तुमच्या माघारी घरच्यांचं काय’ असं विचारत फिरलो आणि माझ्या माघारी घरी एक बाई ताट झाकून बसली होती.

पुढच्या दोन्ही वर्षी कॉन्फरन्स येळवशीला नव्हती. मी दोन्हींना गेलो. खरं सांगायचं तर आधीपेक्षा जास्त ओढीने गेलो. मुलगी पुण्यात, शेत कौशाबाईच्या नवऱ्याला बटईने दिलेलं, घरात मी आणि ती न जुळणारी घड्याळं. निदान त्या हॉलमध्ये कोणी ‘या, बसा’ म्हणायचं. माझ्या शेजारची खुर्ची मात्र ‘सपत्नीक’च्या हिशेबाने मांडलेली असायची आणि तिच्यावर मी माझी पिशवी ठेवायचो. आणि येळवशीला? दोन्ही वर्षं दार आतून लावून घरात बसून राहिलो. ओस पडलेल्या गावात एकट्याने बसणं कसं असतं ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. दूध नाही, पेपर नाही, चहाची टपरी बंद, रस्त्यावर चप्पल वाजत नाही. मुलीचा फोन आला की मी सांगायचो, “हो, शेतात आहे, जेवतोय.” तिलाही बहुतेक कळत असावं.

यंदा या धंद्यात मला पंचवीस वर्षं झाली, त्याचा सत्कार ठरला. बिरादार साहेबांचा फोन आला. “सर, पुन्ना तीच भानगड झालीय. पन ह्या येळंला तुमी यायलाच लागतंय. पंचवीस वर्सं म्हनजे काय खायचं काम हाय का? तुमच्यावर धा मिन्टाची फिल्म बनवलीय. जीप दारात पाठवतो.”

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. दहा मिनिटं सगळे माझ्याकडे बघणार. पुन्हा असं कोण करणार आहे माझ्यासाठी? मी म्हणालो, “बघतो, साहेब.” ‘बघतो’ म्हणजे काय हे विम्याच्या माणसाइतकं कुणाला कळतं? आम्ही आयुष्यभर तेच ऐकलेलं असतं. “बरं, सर,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आंबील मी चार दिवस आधी घातली. पीठ किती, ताक किती, काही माहीत नाही. पाककृती विचारायला मुलीला फोन केला असता तर तिने रडायला सुरुवात केली असती, म्हणून केला नाही. भज्जी आठवणीने केली. वास आठवून आठवून एकेक जिन्नस टाकला. चिंच जास्त झाली. उंडे तर वळेचनात, शेवटी ओबडधोबड गोळे करून उकडले. पाटी भरली, त्यावर तिचंच पांढरं फडकं झाकलं आणि मोटारसायकलला बांधून निघालो. रस्ताभर माणसं माझ्याच दिशेने चालली होती. हे साधंच आहे, पण मला बरं वाटलं.

खोप जेमतेम उभी राहिली. पाच दगडांना चुना दिला. आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची असते आणि घालताना एक आरोळी द्यायची असते, ‘ओलग्या ओलग्या’ अशी काहीतरी. तिचा अर्थ मला आजवर कुणी सांगितलेला नाही, गावागणिक शब्दही बदलतात. पुढचा ओरडतो, मागचा साद देतो. मी ओरडायचो आणि मागून महानंदा साद द्यायची, दर वर्षी हसू दाबत, कारण माझा आवाज चिरका आहे. यंदा मी ओरडलो. मग सवयीने थांबलो. ज्वारीतून वारा गेला. मी पुढे चालू लागलो आणि राहिलेली फेरी पूर्ण केली, प्रत्येक कोपऱ्यावर ओरडून, थांबून.

लिंबाखाली तिच्यासमोर पान वाढलं. मग नियम आठवला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. दोघेजण मोटारसायकलवरून येत होते. मी हात केला, “या, जेवायला या!” त्यांनी मला ओळखलं. “घेतलीय मामा, मागच्याच वर्साला घेतलीय!” असं ओरडत त्यांनी गाडी पळवली. मला आधी समजेना, मग एकट्यालाच इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. नंतर एका टेम्पोवाल्याने माझ्याकडे बघून नुसताच हात जोडला आणि गेला. पंचवीस वर्षांच्या सेवेचा सत्कार म्हणायचा तर तो असा झाला.

फोन वाजला. पलीकडे टाळ्यांचा गलका. बिरादार साहेब म्हणाले, “सर, आत्ता तुमचं नाव पुकारलं. फिल्म दाखवली. लोकं उभी ऱ्हायली होती. तुमची ढाल मी घेतली.” मग आवाज खाली आणून, “सर, मला बी घरी जावं वाटायलंय हो.” मी म्हणालो, “जावा की, साहेब. उदगीर कितीसं लांब हाय? दिवस मावळायच्या आत पोचताव.” ते म्हणाले, “बघतो.” मी म्हणालो, “बघू नका. जावा.”

दुपार कलायला लागली तसा मी खोपीत बसून एकटाच जेवलो. नियम मोडला, पण अन्न टाकवेना. आंबट-ढाण भज्जी, दगडासारखे उंडे, सगळं संपवलं. तिच्या पानातलं गार झालेलंही प्रसाद म्हणून संपवलं. पोट इतकं भरलं की वाकता येईना. हात धुऊन लिंबाला टेकून बसलो. हरभऱ्याच्या घाट्यांना कोवळा वास सुटला होता आणि दूरवर कुठल्या तरी शेतात ट्रॅक्टरवर गाणी लागली होती.

ज्वारी सळसळली आणि कौशाबाई बाहेर आली. डोक्यावर पाटी, मागे तिची सून हातात आंबिलीचं मडकं घेऊन. घाम पुसत म्हणाली, “आरोळी आयकू आली तवा कळलं तुमी हाव म्हनून. दोन वर्सं झाली, ह्या शेतातून आवाज न्हवता. आमी बी जेवायचे थांबलाव, म्हनलं चला, दाजीसंगं बसू.” तिने पाटी खाली ठेवली, लिंबाकडे बघून हात जोडले आणि मग माझ्याकडे वळली.

“दाजी, जेवलाव का?”

माझी धुतलेली थाळी खोपीच्या दारातच पालथी घातली होती. तिला दिसली असेल, नसेल. पोट नुसतं टच्च झालं होतं.

“न्हाई,” मी म्हणालो. “अजून न्हाई. तुमचीच वाट बघत होतो.”

तिने फडकं बाजूला केलं. भज्जीचा वास आला, बरोबर चिंचेचा, बरोबर हिरव्या लसणाचा. मी मांडी घालून बसलो आणि हात पुढे केला. तिने पहिला उंडा माझ्या हातावर ठेवला.

“हं, खावा,” म्हणाली.

मी खाल्ला.